पाचपाखाडीतलं न्यूरो फिजिओ सेंटर : बाबांच्या हाताचा कडकपणा मोजून, लिहून देणारी जागा

ठाण्यात फिजिओथेरपीची सेंटरं आता गल्लोगल्ली झालीत, नौपाड्यात तर चालता चालता बोर्ड दिसतात, पण स्ट्रोकनंतर हातपाय आखडलेल्या पेशंटचा कडकपणा नेमका किती आहे आणि ट्रीटमेंटने तो खरंच किती उतरला हे मोजून, कागदावर लिहून, तो कागद आपल्या हातात देणारं सेंटर मला तरी हे पहिलंच भेटलं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी सगळं वाचा, बाकीच्यांना फक्त पायऱ्या आणि पार्किंगचं बघायचं असेल तर ते खाली आहे.

बाबांना गेल्या पावसाळ्यात स्ट्रोक झाला. मेंदूची उजवी बाजू, म्हणून शरीराची डावी बाजू गेली, बोलणं मात्र शाबूत राहिलं. सुरुवातीला हात एकदम लुळा होता, उचलून सोडला की धपकन खाली पडायचा, आणि मग काही आठवड्यांनी तो आखडायला लागला, कोपर छातीशी दुमडलेलं, मूठ घट्ट, अंगठा आत, आणि उभं केलं की डावं पाऊल खाली आणि आतल्या बाजूला वळलेलं. भेटायला येणारे म्हणायचे, बघा हातात ताकद यायला लागली. ती ताकद नसते हो. मेंदूकडून स्नायूंना आवर घालणारे सिग्नल तुटले की मणक्यातला रिफ्लेक्स मोकाट सुटतो, स्नायू जरा ताणला की तो लगेच आकसून घेतो, आणि जितक्या जोरात ताणाल तितका जास्त आकसतो. ह्यालाच स्पास्टिसिटी म्हणतात, आणि हा वेगाचा मुद्दा नीट लक्षात ठेवा कारण मोजण्याची सगळी गंमत तिथेच आहे. जेम्स लान्स नावाच्या ऑस्ट्रेलियन न्यूरोलॉजिस्टने १९८० मध्ये ह्याची जी व्याख्या मांडली त्यातही वेग हाच मुख्य धागा आहे.

इथे येण्याआधी आम्ही दुसरीकडे जायचो, नाव लिहीत नाही. माणसं वाईट नव्हती, व्यायाम घ्यायची, शेक द्यायची, पण फाईलमध्ये प्रत्येक वेळी एकच ओळ, 'टोन इम्प्रूव्ह्ड', म्हणजे स्नायूंचा ताण सुधारला. कशावरून, किती, कुठल्या स्नायूचा, काही नाही. न्यूरोलॉजिस्टनी जेव्हा बोटॉक्सचं, म्हणजे आखडलेला स्नायू काही काळ सैल करणारं, इंजेक्शन द्यायचं का असं विचारलं आणि आतापर्यंतचे आकडे मागितले तेव्हा दाखवायला आमच्याकडे काहीच नव्हतं, महिनोन्‌महिने फी भरून. तेव्हा मला फार वाईट वाटलं, कारण सुरुवातीचे महिने परत येत नाहीत.

ह्या सेंटरचं नाव आईच्या भिशीतल्या एका काकूंनी सांगितलं, त्यांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. पहिल्या दिवशी आम्ही वर्तकनगरहून निघालो, ट्रॅफिकमध्ये अडकलो, बाबा रिक्षात अवघडून बसलेले, पोचेपर्यंत हात अगदी लाकडासारखा झालेला. मला वाटलं लगेच टेबलवर घेतील. तर फिजिओ मॅडम म्हणाल्या, "काका, आधी जरा आडवे व्हा, पाणी प्या, घाई नाही." पंधरा-वीस मिनिटं बाबांना नुसतं झोपवून ठेवलं. कारण विचारलं तर म्हणाल्या की थकवा, थंडी, टेन्शन, भरलेली लघवी, बसण्याची पोझिशन, सगळ्याने टोन बदलतो, प्रवासातून आल्या आल्या मोजलं तर तो प्रवासाचा आकडा येईल, पेशंटचा नाही. मग बॅक्लोफेनची, म्हणजे कडकपणा कमी करायची, गोळी किती वाजता घेतली ते विचारून कागदावर वेळ लिहिली. एसी बंद केला. हे सगळं अजूनही प्रत्येक मोजमापाला तसंच होतं, तीच वेळ, तेच टेबल, डोक्याखाली तीच उशी, डोकं मध्यात.

आता मोजतात कसं ते सांगते, कारण हे मी अगदी जवळ उभी राहून बघितलंय. मॅडमनी एका हाताने दंड धरला, दुसऱ्याने मनगटाच्या वर, आणि कोपर पूर्ण दुमडलेल्या स्थितीतून अतिशय हळू, म्हणजे बघणाऱ्याला कंटाळा येईल इतकं हळू, उघडत नेलं. जिथे थांबलं तिथे असिस्टंटने गोनिओमीटर लावला, तो दोन पट्ट्यांचा प्लास्टिकचा कोनमापक असतो, एक पट्टी दंडाच्या रेषेत, एक पुढच्या हाताच्या रेषेत. पूर्ण दुमडलेलं म्हणजे शून्य धरलं तर १२५ अंशांपर्यंत उघडलं. मग हात परत दुमडून थोडा वेळ सोडला, आणि ह्यावेळी एकदम झटक्यात, जितक्या जोरात नेता येईल तितक्या जोरात उघडला, आणि मधेच कुठेतरी खट्कन अडकला. मला डोळ्यांनी दिसलं. बाबांनाही कळलं, ते म्हणाले "लागलं ब्रेक." तो अडकण्याचा कोन ७० अंश.

ह्याला टार्ड्यू स्केल म्हणतात, फ्रान्समधल्या टार्ड्यू नावाच्या डॉक्टरांच्या कामावरून आलेलं. हळू नेल्यावरचा कोन म्हणजे सांधा आणि स्नायू मुळात किती लांब जाऊ शकतो तो, आणि जोरात नेल्यावर अडकतो तो कोन म्हणजे रिफ्लेक्स कुठे आडवा येतो तो. ह्या दोनांतला फरक सगळ्यात कामाचा. फरक मोठा असेल तर कडकपणा मुख्यतः नसांकडून येतोय, म्हणजे गोळी किंवा इंजेक्शनने फरक पडायला वाव आहे. फरक थोडाच असेल, हळू नेलं तरी तिथेच अडकतंय आणि जोरात नेलं तरी जवळपास तिथेच, तर स्नायू आणि स्नायूबंध स्वतःच आखूड झालेत, त्याला इंजेक्शन देऊन पैसे जातील, तिथे स्ट्रेचिंग, स्प्लिंट (सांधा ताणून धरणारा आधार), प्लास्टर असलं काम लागतं. बाबांच्या कोपराचा फरक ५५ अंश. मॅडम म्हणाल्या इथे वाव आहे.

त्यांच्या कागदावर मॉडिफाइड ॲशवर्थचा, म्हणजे कडकपणाला शून्य ते चार नंबर देणाऱ्या स्केलचा, कॉलमही आहे कारण बहुतेक डॉक्टर तोच विचारतात. ॲशवर्थ यांनी मूळ स्केल १९६४ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस ह्या मेंदू-मज्जारज्जूच्या आजाराच्या पेशंटवर एक औषध तपासताना वापरलं होतं, आणि १९८७ मध्ये बोहॅनन आणि स्मिथ यांनी त्यात १ आणि २ च्या मधे १+ ही पायरी घातली. शून्य म्हणजे कडकपणा वाढलेला नाही, १ म्हणजे थोडासा, शेवटी शेवटी किंवा नुसता एक अडका बसून सुटतो, १+ म्हणजे अडका बसतो आणि नंतरही अर्ध्याहून कमी भागात हलकासा विरोध राहतो, २ म्हणजे बहुतेक पूर्ण हालचालीत जाणवतो पण हात सहज हलवता येतो, ३ म्हणजे हलवणं अवघड, ४ म्हणजे सांधा एका जागी ताठच. बाबांचं कोपर २, बोटं ३. पण हे स्केल एकाच वेगाने करतात, साधारण एका सेकंदात, त्यामुळे नसांचा कडकपणा आणि आखूड झालेल्या स्नायूचा कडकपणा ह्यात ते फरक करू शकत नाही, शिवाय हाताला काय जाणवलं त्यावर नंबर असल्याने दोन वेगळ्या माणसांनी केलं तर नंबर वेगळा येऊ शकतो. म्हणून ह्या सेंटरमध्ये एका पेशंटचं मोजमाप एकच फिजिओ करते. आमच्या मॅडम रजेवर होत्या तेव्हा दुसऱ्यांनी केलं आणि आकडा वेगळा आला, तर तो खोडला नाही, शेजारी 'वेगळा परीक्षक' असं लिहिलं आणि मॅडम आल्यावर परत केलं. मला हे फार आवडलं, कारण बाबा वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला होते, आयुष्यभर व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हाताळलेला माणूस, त्यांनी लगेच ओळखलं की इथे माप घेणाऱ्याला मापाची किंमत आहे. आता ते दर वेळी विचारतात, "किती आलं?" आणि त्यांना आकडा सांगितला जातो, त्यांच्या डोक्यावरून माझ्याशी बोलत नाहीत. काका काका करत सगळं त्यांनाच समजावतात. व्हीलचेअरवरच्या माणसाला असं वागवणारी जागा मिळणं सोपं नाहीये.

इंजेक्शनचा निर्णय मग ह्या कागदावरून झाला. रिहॅबचे डॉक्टर सेंटरला ठरावीक दिवशी येतात, इंजेक्शन मात्र त्यांच्या हॉस्पिटलमध्ये देतात, सोनोग्राफी लावून, म्हणजे सुई नेमक्या स्नायूत गेली का ते स्क्रीनवर दिसतं. पुढच्या हातात बोटं दुमडणारे स्नायू एकावर एक असतात त्यामुळे अंदाजाने टोचणं मला तरी चालणार नव्हतं. औषध काय करतं तर नसेच्या टोकाकडून स्नायूला आकसायचा जो केमिकल निरोप जातो, ॲसिटिलकोलीन, तो सुटूच देत नाही. परिणाम काही दिवसांत दिसायला लागतो, साधारण चार ते सहा आठवड्यांनी सगळ्यात जास्त असतो आणि तीनेक महिन्यांत उतरतो, आणि बारा आठवड्यांच्या आत परत देत नाहीत. अजून एक गोष्ट त्यांनी आवर्जून सांगितली, वेगवेगळ्या ब्रँडची युनिटं एकमेकांशी जुळत नाहीत, एका ब्रँडची १०० युनिटं म्हणजे दुसऱ्याची १०० नाही, म्हणून कुठलं औषध किती आणि कुठल्या स्नायूत दिलं ते फाईलला लावून ठेवा. आमच्या कागदावर स्नायूवार लिहिलेलं आहे.

आणि मांडीत द्यायचं नाही हेही तेव्हाच ठरलं. मला आधी वाटत होतं जिथे जिथे ताठ आहे तिथे सगळीकडे द्या. पण बाबा उभे राहतात ते त्या मांडीच्या ताठपणाच्या जोरावरच, तो काढून घेतला तर गुडघा दुमडून खाली बसतील. हे डॉक्टरांनी नुसतं सांगितलं नाही, बाबांना पॅरलल बारमध्ये, म्हणजे धरून उभं राहायच्या दोन समांतर दांड्यांमध्ये, उभं करून गुडघ्यामागे हात ठेवून दाखवलं. सगळाच कडकपणा शत्रू नसतो.

मोजमापाआधी त्यांनी अजून एक केलं ते म्हणजे आम्हालाच विचारलं की तुम्हाला काय हवंय. आई म्हणाली, तळहात धुता आला पाहिजे. खरं सांगते, ज्यांनी अशी मूठ बघितली नाही त्यांना कळणार नाही. आत घाम साचतो, वास येतो, कातडी पांढरी पडून भिजल्यासारखी होते, नखं तळव्यात रुतून चंद्रकोरीसारखे व्रण पडतात आणि ती नखं कापायला मूठ उघडावी तर बाबा कळवळायचे, आईला रडू यायचं. आम्ही एक मऊ रुमाल गुंडाळी करून आत सारून ठेवायचो, तो बदलतानाही दोघं लागायचे. तर कागदावर ध्येय लिहिलं, एका माणसाला एका हाताने मूठ उघडून तळवा पुसता यावा, नखं कापताना दुखणं दहापैकी आठवरून तीनच्या खाली यावं, शर्टाची डावी बाही मदत घेऊन पण ओढाताण न करता घालता यावी. ह्या पद्धतीला गोल अटेनमेंट स्केलिंग म्हणतात, १९६८ पासूनची आहे, ठरवलेलं जमलं तर शून्य, त्याहून चांगलं झालं तर अधिक, कमी पडलं तर उणे. आईने मागितलेली गोष्ट फाईलमध्ये अंशांच्या शेजारी आली, ह्याबद्दल मी ह्या लोकांची कायम ऋणी राहीन.

दोन आठवड्यांनी नुसतं बघितलं आणि सहा आठवड्यांनी पूर्ण मोजलं. कोपर हळू १३०, जोरात ११०. म्हणजे फरक ५५ वरून २० वर. ॲशवर्थ २ वरून १+. बोटं ३ वरून २. आणि तळवा आई एकटी पुसते, नखं कापताना बाबा दुखणं दोन सांगतात. बाही अजून अवघडच आहे, कारण तिथे खांदाही आखडलेला आहे आणि त्यात इंजेक्शन दिलं नव्हतं, त्याला त्यांनी कागदावर सरळ उणे एक लिहिलं, गोड बोलून लपवलं नाही. हात आपणहून वापरायला लागले का असं सगळे विचारतात, तर नाही, इंजेक्शनने ताकद येत नाही, फक्त जागा मोकळी होते आणि त्या मोकळ्या वेळात व्यायाम आणि स्प्लिंट जोरात करायचं असतं. हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं म्हणून आमची निराशा झाली नाही.

मधे एकदा गंमतच म्हणजे काळजीचीच गोष्ट झाली, सगळे आकडे एकदम वाढलेले आले, पाय तर हात लावला की थरथरायचा. मी घाबरले, वाटलं दुसरा स्ट्रोक की काय. मॅडमनी व्यायाम बदलला नाही की गोळी वाढवा म्हणाल्या नाहीत, आधी विचारलं पोट साफ होतंय का, लघवीला जळजळ आहे का, कुठे जखम, नख आत रुतलंय का, आणि डॉक्टरांशी फोनवर बोलून लघवीची टेस्ट करायला लावली. इन्फेक्शन निघालं. अँटिबायोटिक झाल्यावर आकडे परत जागेवर. शरीरात कुठेही त्रास असला, अगदी बद्धकोष्ठ असलं तरी कडकपणा वाढतो, आणि बाबांना स्वतःला डाव्या बाजूचं नीट कळत नसल्याने ते सांगूही शकले नसते. आधीचे आकडे लिहिलेले होते म्हणूनच तो बदल पकडता आला.

बॅक्लोफेनबद्दल एक सांगते, कारण हे घरोघरी होतं. त्या गोळीने बाबांना दिवसभर गुंगी असायची, आईने वैतागून गोळी बंदच करू म्हटलं. असं एकदम कधीच बंद करायचं नसतं, अचानक थांबवलं तर फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, कडकपणा उसळून वर येतो. डॉक्टरांनी इंजेक्शननंतरचे आकडे बघून डोस टप्प्याटप्प्याने उतरवला आणि प्रत्येक टप्प्यानंतर मोजलं. आता बाबा दुपारी जागे असतात, पेपर वाचतात.

घोट्याचं प्रकरण मात्र अजून चालू आहे. डावं पाऊल हळू नेलं तरी ९० अंशाला, म्हणजे नडगीशी काटकोनात, यायला ८ अंश कमी पडायचं, आणि जोरात नेलं तर १५ कमी, म्हणजे फरक फक्त ७ चा. गुडघा वाकवून केलं तर पाऊल ९० ला येतं, यावरून मॅडमनी दाखवलं की पोटरीचा वरचा मोठा स्नायू आखूड झालाय, कारण तो गुडघ्याच्याही वरून निघतो आणि गुडघा वाकवला की सैल पडतो. म्हणून पोटरीत इंजेक्शन न देता थोड्या थोड्या ताणात प्लास्टर लावून ते ठरावीक दिवसांनी बदलत न्यायचं ठरलं. डाव्या बाजूचं कळत नसल्यामुळे आतल्या आत कातडी दुखावली तर बाबांना समजणार नाही, म्हणून रोज बोटांचा रंग बघायला आणि वास येतो का तपासायला शिकवलं. चालण्याचं मोजमाप वेगळं, दहा मीटर चालायला किती सेकंद लागतात ते, त्याच कॉरिडॉरमध्ये, त्याच बुटात, आणि मोबाईलवर व्हिडिओ काढून आम्हालाही पाठवतात.

आता तक्रारी. बिल्डिंगच्या गेटपाशी पायऱ्या आहेत आणि रॅम्प नाही, न्यूरो सेंटरला हे अजिबात शोभत नाही, वॉचमनदादा चांगला आहे, येऊन व्हीलचेअर उचलतो, पण प्रत्येक वेळी दुसऱ्यावर अवलंबून राहावं लागतं. लिफ्ट इतकी लहान की व्हीलचेअरचे फूटरेस्ट काढल्याशिवाय दार लागत नाही. पार्किंग नाही असंच धरा, संध्याकाळी तर त्या भागात गाडी उभी करायला जागा मिळत नाही, सकाळची वेळ घ्या किंवा रिक्षाने या. फी कमी नाही, मोजमापाच्या दिवसाची वेगळी लागते, पण त्या दिवशी तासभर एकाच पेशंटला देतात हे मी बघितलंय त्यामुळे मला ती जाचली नाही, ज्यांना जड जाईल त्यांनी आधी बोलून घ्या, हप्त्यात घेतात. रविवारी बंद. कागद पूर्ण इंग्रजीत असतो, आईला आकडे समजतात पण बाकी मला वाचून दाखवावं लागतं, मराठीतही द्या असं रिसेप्शनवर सांगितलंय. फोन पटकन उचलत नाहीत, मेसेज केला तर उत्तर येतं.

कोणी नवीन जाणार असेल तर पेशंटला हाफ बाह्यांचा सैल शर्ट आणि गुडघ्याच्या वर सरकेल अशी पँट घाला, गोळ्यांची यादी वेळेसकट न्या, आधीच्या एमआरआयच्या फिल्म न्या, आणि निघताना मोजमापाच्या कागदाची कॉपी मागून घ्या, देतात पण गर्दीत राहून जाते. बाबांच्या प्लास्टरचा शेवटचा टप्पा आता चालू आहे, ते सुटलं की घोटा परत मोजणार आहेत, ९० ला आला की नाही ते इथेच खाली लिहीन.